लडाखच्या वाटेवर गाडी हाकायची तर

खेड्यातल्या पोराला एकदा ट्रॅक्टर चालवता आला की पुढे ट्रकच्या सीटवर बसायला त्याला फारसा वेळ लागत नाही. पावसावरची चार एकर जमीन, खाणारी तोंडे आठ आणि भाऊ दोन, असा हिशेब असला की धाकटा लायसन काढतो आणि घराबाहेर पडतो. कुणी ऊस वाहतो, कुणी एस.टी.त लागतो, कुणी फौजेत ड्रायव्हर होतो. सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या सीमा सडक संघटनेचे भरतीचे आणि शिक्षणाचे केंद्र तर आपल्या पुण्याजवळ दिघीलाच आहे. तिथून निवडलेल्या गड्याची नेमणूक कुठे होईल हे त्याच्या हातात नसते. पुष्कळांच्या वाट्याला लडाख येते.

निवडीचा कागद घरी येतो, पेढे वाटले जातात आणि मग आई विचारते, "लेह म्हणजे कुठं रे? लई थंडी असती का?" थंडी तर असतेच. पण त्या मुलखात माणसाला आणि गाडीला आधी गाठते ती तिथली उंची. ती नीट समजून घेतली तर नोकरी सुखाची होते. हे जाणाऱ्याने वाचावेच, पण घरच्यांनीही वाचावे, कारण यातल्या एका गोष्टीचा दोर घरच्यांच्या हातात आहे.

उंच म्हणजे किती उंच?

आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, सुमारे ५,४०० फूट. लेह शहर वसले आहे सुमारे ११,५०० फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. लेहच्या उत्तरेला नुब्रा खोऱ्यात जाणारा रस्ता खारदुंग ला ओलांडतो. 'ला' म्हणजे खिंड. तिची उंची सुमारे १७,५०० फूट, कळसूबाईच्या तिप्पट. तिथे मालाचे ट्रक रोज चढतात आणि उतरतात.

उंचावर हवा विरळ होते. समुद्रकाठी एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास लेहला मिळतो आणि खारदुंग लाच्या माथ्यावर जेमतेम निम्मा. ज्याने खंबाटकी आणि कसारा घाट डोळे मिटून केले, त्या पट्टीच्या ड्रायव्हरलाही तिथे चाक बदलताना चारदा थांबून दम घ्यावा लागतो. पाणीसुद्धा लेहला ८८ अंशांच्या आसपासच उकळू लागते, म्हणून कुकरवाचून डाळ शिजत नाही.

वाट कोणती धरावी?

लडाखला जाण्याच्या जुन्या वाटा दोन. एक श्रीनगरहून आणि दुसरी मनालीहून. पुण्याहून झेलम एक्सप्रेसने जम्मू, तिथून श्रीनगर आणि पुढे लेह, ही आपल्याकडच्या जवानांच्या पायाखालची वाट.

श्रीनगर ते लेह सुमारे ४३४ किलोमीटर आहे. श्रीनगर ५,२०० फुटांवर, सोनमर्ग ९,००० फुटांच्या आसपास, मग ११,५७५ फुटांची झोजी ला, पुढे द्रास आणि कारगिल. कारगिल पुन्हा खाली, सुमारे ८,८०० फुटांवर आहे. रात्रीचा मुक्काम तिथे पडतो आणि शरीराला हळूहळू चढायची सवड मिळते. दुसऱ्या दिवशी नमिका ला आणि १३,४७९ फुटांची फोतू ला ओलांडून लेह.

मनालीची वाट देखणी, पण अंगावर येणारी. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि रोहतांगचा त्रास वाचला. तरी पुढे बारालाचा ला, लाचुंग ला आणि साडेसतरा हजार फुटांच्या घरातली तांगलांग ला आहेच. मधला सरचूचा मुक्काम १४,००० फुटांवर, म्हणजे लेहहूनही उंच. खालून आलेल्या नव्या माणसाने पहिल्याच रात्री तिथे झोपू नये. मनालीकडून जायचेच असेल तर आधी मनालीत आणि मग जिस्पाला एकेक रात्र काढावी. या वाटेवर टांडीच्या पंपावर, पुढला पंप ३६५ किलोमीटरवर आहे, अशी पाटी वर्षानुवर्षे होती. तेवढ्यावरून वाट किती निर्जन आहे ते समजावे.

हिवाळ्यात मनालीची वाट बर्फाखाली जाते. झोजी ला पूर्वी पाच-सहा महिने बंद असे. आता सीमा सडक संघटनेची माणसे बर्फ कापून ती लवकर खुली करतात. २०२५ साली ती अवघी ३२ दिवस बंद राहिली. तिच्या पोटातून तेरा किलोमीटरचा बोगदा खणण्याचे काम २०२० पासून चालू आहे. अलीकडचा सोनमर्गचा बोगदा १३ जानेवारी २०२५ रोजी खुला झाला.

पहिले दोन दिवस कामाचे नाहीत

विमानाने लेहला उतरलेला माणूस दोन तासांत खालच्या हवेतून साडेअकरा हजार फुटांवर येतो. अंगाला काहीच कळलेले नसते. म्हणून पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांती घ्यावी. सामान उचलू नये, जिने धावत चढू नये, स्टिअरिंगला हात लावू नये. फौजेत हे नियमानेच करतात. ९ ते १२ हजार फुटांच्या टप्प्यावर सहा दिवस, त्यावर १५ हजारांपर्यंत आणखी चार दिवस, आणि त्याहून वर जायचे तर पुन्हा चार दिवस. धडधाकट जवानांसाठी हा नियम आहे, मग खाजगी ट्रकवरच्या पोराने तो का पाळू नये? मालक घाई करील. करू द्यावी.

डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे, भूक मरणे, ही उंचीच्या आजाराची पहिली खूण. अशा वेळी वर चढू नये, आहे तिथेच थांबावे. बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून फेस येऊ लागला, चालताना झोक जाऊ लागला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी उतरते आहे असे समजावे. मग सकाळची वाट बघू नये. त्याला ताबडतोब खाली न्यावे, प्राणवायू द्यावा आणि दवाखाना गाठावा. खाली उतरवणे हाच यावरचा मुख्य उपाय. लेहला सोनम नोरबू हॉस्पिटल आहे, त्यांना असे रोगी रोजचे. दारू आणि झोपेच्या गोळ्या या दिवसांत विषासारख्या. उंचीवरच्या गोळ्या डॉक्टरला विचारूनच घ्याव्यात.

आता एक गोष्ट खास आपल्या मुलखासाठी. नंदुरबार, धुळे, गडचिरोली, चंद्रपूर या भागांत सिकलसेलचा आजार पुष्कळ घरांत आहे. काही जण नुसते वाहक असतात. खाली त्यांना कसलाच त्रास नसतो आणि आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसते. अशा माणसाला उंचावरच्या विरळ हवेत पोटात डाव्या बाजूला एकाएकी भयंकर कळ येऊ शकते, पाणथरीला इजा होते. म्हणून निघण्यापूर्वी सरकारी दवाखान्यात रक्ताची ही तपासणी करून घ्यावी आणि निकाल डॉक्टरला दाखवून मगच पुढचे ठरवावे. हृदयविकार किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असलेल्यांनीही आधी विचारावे.

गाडीलाही दम लागतो

विरळ हवेचा फटका इंजिनालाही बसतो. साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना शंभरात तीनएक भागांनी कमी होते. टर्बो असले तर थोडे निभावते. म्हणून खाली जेवढा माल भरता, तेवढा भरून खिंड चढायला जाऊ नये. खालचा गिअर धरावा आणि गाडीला तिच्या चालीने चढू द्यावे. पाणी लवकर उकळते हे रेडिएटरलाही लागू आहे. गाडी तापली तर बाजूला घेऊन निवू द्यावी. गरम झाकण उघडून कितीक जणांनी हात-तोंड भाजून घेतले आहे.

थंडीत तीन गोष्टी गोठतात: पाणी, डिझेल आणि बॅटरी. जानेवारीत लेहला रात्री पारा शून्याखाली दहा-पंधरा अंश सहज उतरतो, द्रासला त्याहूनही खाली. रेडिएटरमध्ये नुसते पाणी असेल तर रात्रीत बर्फ होऊन ब्लॉक फुटतो. निम्मे पाणी आणि निम्मे कूलंट घातले की उणे ३५ अंशांपर्यंत भीती नाही. कूलंट चवीला गोड पण विषारी असते. सांडलेले पुसून घ्यावे, कुत्र्या-मुलांच्या तोंडी जाऊ देऊ नये.

साध्या डिझेलमध्ये थंडीने मेण धरते, फिल्टर तुंबतो आणि गाडी अर्ध्या वाटेत उभी राहते. यासाठी इंडियन ऑइलने २०१९ साली लडाखकरता हिवाळी डिझेल काढले. ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते. हिवाळ्यात खालून टाकी गच्च भरून वर जाऊ नये. तिथे पोचेपर्यंत खालचे डिझेल संपत यावे आणि तिथले भरावे. एकदा तिथले भरले की मग मात्र टाकी रोज संध्याकाळी भरलेली ठेवावी, म्हणजे आत दव धरत नाही. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याची जुनी रीत आजच्या इंजिनांच्या पंपाला मारक आहे. तसेच गोठलेल्या इंजिनाखाली जाळ करून ते तापवू नये. गाडी आणि माणूस दोन्ही जळतात.

बॅटरीची ताकद कडक थंडीत निम्म्यावर येते. ती पूर्ण भरलेली असावी, कारण उतरलेली बॅटरी थोड्या थंडीतही गोठून फुटते. हवेच्या ब्रेकच्या टाकीतले पाणी रोज काढून टाकावे, नाहीतर ते नळीत गोठते आणि ब्रेक लागत नाही. ओल्या गाडीचा हँडब्रेक रात्रभर ओढून ठेवला तर सकाळी तो चिकटलेला सापडतो. गाडी सपाटीला गिअरमध्ये उभी करावी आणि चाकांना दगड लावावेत.

उघड्या हाताने लोखंडाला धरू नये, कातडी चिकटते. डिझेलने भिजलेले हातमोजे तत्काळ बदलावेत. बोटे बधिर आणि पांढरी पडली तर ती चोळू नयेत, शेगडीवरही धरू नयेत. कोमट पाण्यात ठेवावीत. बर्फावरचे ऊन डोळे जाळते, म्हणून काळा चष्मा हवाच.

चढण्यापेक्षा उतरणे अवघड

ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ही डोंगरातली जुनी शिकवण. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करायची खोड आपल्याकडे पुष्कळांना आहे. ती खोड घरीच ठेवून जावी. तिथला उतार तीस-तीस किलोमीटर चालतो. नुसत्या ब्रेकवर गाडी सोडली तर ब्रेक तापून निकामी होतात आणि रस्त्याच्या कडेला कठडा असेलच असे नाही. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, हा कायदाही आहे आणि रीतही.

उन्हाळ्यात सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी बर्फ वितळून कमरेएवढा होतो. ओढ्याची जागा शक्यतो सकाळी ओलांडावी, आणि फुगला असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे. थंडीत हेच पाणी रात्री रस्त्यावर पसरून गोठते आणि काचेसारखे होते. ते काळ्या डांबरावर दिसत नाही. सावलीच्या वळणावर आणि पुलावर ते हमखास असते. तिथे जोराने ब्रेक मारू नये, स्टिअरिंग झटक्याने फिरवू नये. बर्फात इंजिनाचा जोर ज्या चाकांवर येतो त्यांना साखळ्या बांधाव्यात आणि बैलगाडीच्या चालीने जावे. कोरड्या रस्त्यावर आल्यावर त्या सोडाव्यात. साखळ्या बांधण्याचा सराव उजेडात, उबेत करून ठेवावा. सुट्या दगडांच्या कड्याखाली गाडी थांबवू नये. खिंडीच्या माथ्यावर दहा-पंधरा मिनिटांहून जास्त रेंगाळू नये. झोजी लावर पुष्कळदा एका वेळी एकाच बाजूची वाहतूक सोडतात. रांग मोडून पुढे घुसणारा सगळ्यांनाच अडकवून ठेवतो.

बंद खोलीतली शेगडी

लडाखात अपघाताइतकीच भिण्यासारखी गोष्ट म्हणजे रात्रीची ऊब. थंडीला कंटाळून गडी खोलीत कोळशाची शेगडी पेटवतात, दारे-खिडक्या लावून झोपतात आणि सकाळी उठत नाहीत. बंद केबिनमध्ये इंजिन चालू ठेवून झोपणाऱ्यांचेही तेच होते. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो आणि तो झोपेतच घेरतो. शेगडी बाहेर काढून, इंजिन बंद करूनच झोपावे. पांघरूण दुप्पट घ्यावे.

कागदपत्रे आणि धंदा

आपले लायसन देशभर चालते. गाडी मात्र दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो आणि त्यासाठी इथल्या आर.टी.ओ.चा ना-हरकत दाखला लागतो. ३१ ऑक्टोबर २०१९ पासून लडाख केंद्रशासित प्रदेश आहे आणि तिथल्या गाड्यांच्या नंबरांची सुरुवात 'एल ए' या अक्षरांनी होते. कुणी म्हणेल, जीप घेऊन जाऊ आणि प्रवासी फिरवू. तर बाहेरच्या नंबरच्या भाड्याच्या गाड्यांना तिथल्या टॅक्सी संघटना स्थानिक फेऱ्या करू देत नाहीत. कर्ज काढण्याआधी हे ध्यानात घ्यावे. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम तिथे चालण्याचा भरवसा नाही, म्हणून फोन पोस्टपेड करून न्यावा. तरी खिंडीपलीकडे दोन-चार दिवस फोन लागत नाही. न लागलेला फोन म्हणजे वाईट बातमी, असे घरी समजू नये.

माणसे आपल्यासारखीच

लडाखात वर्षाकाठी पाऊस पडतो अवघा चार इंचांच्या आसपास. शेती सगळी वितळणाऱ्या बर्फाच्या पाण्यावर. डोंगरातून काढलेले पाट शेतात आणतात आणि पाणी कुणाला केव्हा द्यायचे हे गावाने नेमलेला चुरपोन ठरवतो. आपल्या धुळ्याकडच्या फडातला पाटकरीच म्हणा ना! मुख्य पीक जव. तो भाजून दळतात आणि ते पीठ चहात कालवून खातात. चहाही लोणी-मिठाचा. पहिल्या घोटाला तोंड वाकडे होते, पण त्या थंडीत पोटाला धरतो. खालच्या खोऱ्यांत जर्दाळूच्या बागा आहेत. घराघरांतले कोरडे संडास वर्षातून एकदा उपसून त्याचे सोनखत शेताला घालतात. भेटला माणूस की 'जुले' म्हणायचे. रामराम, निरोप आणि आभार या तिन्हींना तो एकच शब्द चालतो. तिथल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने आज खिंड चढू नको म्हटले, तर पाऊस ओळखणाऱ्या आपल्याकडच्या म्हाताऱ्याचे जसे ऐकतो तसे त्याचे ऐकावे.

घरच्यांसाठी

आता दोर घरच्यांच्या हातात असलेली ती गोष्ट. सवय झालेला माणूसही दहा-पंधरा दिवस खाली राहिला की शरीर उंची विसरू लागते. रजेहून परतलेल्या गड्याला पुन्हा नव्याइतकाच, कधी त्याहून जास्त धोका असतो. फुप्फुसात पाणी होण्याचे प्रकार असे परतलेल्यांतही घडतात. पहिल्या वेळी भीतीपोटी त्याने विश्रांती घेतलेली असते. तिसऱ्या वेळी त्याला वाटते, आपण तर जुने झालो.

आणि आपण घरचे काय करतो? ज्वारीची काढणी, बहिणीचे लग्न, विहिरीचे काम, सगळे त्याच्या रजेवर ठेवतो. शेवटच्या दिवशीसुद्धा तो खळ्यावर राबतो, रात्री गाडीत बसतो, दोन रात्री अर्धवट झोपतो आणि पोचल्या दिवशी हजेरी लावून चावी हातात घेतो. त्याच्या मागे वीस टनांचा ट्रक असतो आणि पुढे झोजी ला.

म्हणून त्याच्या परतीचे तिकीट दोन दिवस अलीकडचे काढा. तो नको म्हणेल, एवढे रान आवरून जातो म्हणेल. ऐकू नका. ते दोन दिवस लेहला अंथरुणावर पडून काढायचे आहेत, हे त्याला बजावून सांगा. काढणीला आलेली ज्वारी दोन दिवस थांबते, आणि घरात काढायला दुसरे हातही आहेत.